घरचा सूर घरींच राखावा

संगीताची हौस मुळींच नाहीं असें सुशिक्षित कुटुंब महाराष्ट्रांत विरळाच आढळेल. कोणाच्या घरीं पेटी असते, कोणाच्या घरीं गवसणी घातलेला तंबोरा कोपऱ्यांत उभा असतो. कोठें आजीबाईंच्या मुखांत भूपाळ्या व मंगळागौरीचीं गाणीं असतात, तर कोठें घरची कन्या गायनाच्या परीक्षांस बसत असते. हें सारें घरोघर आहे, आणि तें गाणाऱ्याबरोबर निघूनही जातें. आजीच्या पिढींतील आरतीची चाल नातवंडांस अर्धीमुर्धी आठवते, आणि पुढें एके दिवशीं 'ती चाल कशी होती बरें?' असें विचारावें तर सांगावयास घरांत कोणी उरलेलें नसतें. या हानीची नोंद कोठेंही होत नाहीं, म्हणून ती लहान आहे असें मात्र कोणी समजूं नये. ज्या घरांत एखादा साधा संगणक आहे, त्या घरास ही हानि टाळणें आज शक्य झालें आहे. तें कसें, याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ध्वनिमुद्रणाची कला आपल्या देशास नवी नाहीं. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला, आणि १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैस्बर्ग यानें कलकत्त्यास गोहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें. त्या काळीं गवयास एका मोठ्या कर्ण्यापुढें बसून, मोठ्या आवाजानें, सुमारें तीन मिनिटांत राग आटोपावा लागे. कारण तबकडीच्या एका बाजूस त्याहून फारसें अधिक मावत नसे. १९२५ पासून कर्ण्याच्या जागीं विजेचा मायक्रोफोन आला; तथापि वेळेचें हें बंधन १९४८ सालीं लाँग प्ले तबकडी निघेपर्यंत बहुतांशीं कायमच राहिलें.

या यंत्रयुगांतही काय वाचलें आणि काय गेलें, हें पाहूं लागलों म्हणजे मन खिन्न होतें. पुण्यास १९११ सालीं भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब १९४६ सालीं पैगंबरवासी झाले. या दोघांच्याही आवाजाचें मुद्रण आज ऐकावयास मिळत नाहीं. उलट, खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर, यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत धाडण्यांत आली. गुरूचा सूर पृथ्वीवर ऐकूं येत नाहीं, आणि शिष्येचा सूर ग्रहमालेच्या पलीकडे चालला आहे! एक आवाज यंत्रांत उतरला, दुसरा उतरला नाहीं, एवढेंच काय तें या दोहोंतील अंतर.

नामांकित गवयांची जर ही स्थिति, तर घरांतील माणसांच्या गाण्याची काय कथा? परंतु याच महाराष्ट्रांत त्याचें उलट उदाहरणही आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ या अभ्यासकांनीं खेडोपाडीं आपल्या सहकाऱ्यांसह फिरून स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील कित्येकांचें ध्वनिमुद्रणही झालें. घरोघरचीं जातीं थांबलीं, तरी त्या ओव्या राहिल्या. बाहेरच्या माणसांनीं गांवोगांवीं जाऊन जें केलें, तें आपण आपल्या माजघरांत बसून करावयास काय हरकत आहे?

आवाजाचे आंकडे

प्रथम या क्रियेचें तत्त्व समजून घेऊं. आवाज म्हणजे हवेचें कंपन. मायक्रोफोन त्या कंपनाच्या विजेच्या लहरी बनवितो. 'ऑडिओ इंटरफेस' नांवाची एक लहानशी पेटी त्या लहरींची उंची सेकंदास हजारों वेळां मोजते, आणि ते आंकडे संगणकाच्या स्वाधीन करते. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं हें मापन सेकंदास ४४,१०० वेळां करण्याचें ठरलें. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो, आणि कोणतेंही कंपन यथार्थ टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें. म्हणून हा आंकडा. प्रत्येक मापाची सूक्ष्मता 'बिट' या परिमाणानें सांगतात. घरच्या मुद्रणास ४८,००० मापें व २४ बिट हें प्रमाण उत्तम. या प्रमाणानें एका मायक्रोफोनचें तासाभराचें गाणें संगणकांत सुमारें ५२० मेगाबाइट जागा व्यापतें, आणि ती आजच्या साध्या संगणकासही जड नाहीं. विलंबित ख्याल पाऊण तास चालला तरी चालूं द्यावा. तीन मिनिटांचा तो जुना जाच आतां संपला आहे.

साधनें कोणतीं घ्यावींत?

साधनें पांच पुरतात: संगणक, मायक्रोफोन, इंटरफेस, कान पुरते झांकणारा हेडफोन आणि मायक्रोफोन बसविण्याचा स्टँड. ज्यांस आरंभीं खर्च मर्यादित ठेवावयाचा आहे, त्यांनीं यूएसबीनें थेट संगणकास जोडला जाणारा मायक्रोफोन घ्यावा. इंटरफेसचें काम त्याच्या पोटांतच होतें.

मायक्रोफोनच्या मुख्य जाति दोन. 'कंडेन्सर' हा फार तीक्ष्ण कानाचा. तंबोऱ्याची जवारी व गळ्यांतील बारीक कण तो हुबेहूब टिपतो. परंतु शेजारच्या स्वयंपाकघरांतील कुकरची शिटीही तो तितक्याच निष्ठेनें टिपतो. इंटरफेसला जोडावयाच्या कंडेन्सरास ४८ व्होल्टांची वीज पुरवावी लागते, आणि तिचें बटण इंटरफेसवर असतें. 'डायनॅमिक' या जातीस अशी वीज लागत नाहीं, व तो दूरचे आवाज कमी घेतो. रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांस आम्ही डायनॅमिकचीच शिफारस करूं. बहुतेक मायक्रोफोन पुढून अधिक व मागून कमी ऐकतात. म्हणून त्यांची पाठ नेहमीं खिडकीकडे किंवा दाराकडे करावी.

निम्मी सिद्धि खोलींत

नवशिक्यांचें सारें लक्ष मायक्रोफोनकडे असतें. परंतु वस्तुतः निम्मी सिद्धि खोलींत आहे. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एक टाळी वाजवावी. तिच्या मागून झणझणाट ऐकूं आला, तर ती खोली मुद्रणास अयोग्य समजावी. गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती आवाज परत फेंकतात. गाद्या, गोधड्या, जाड पडदे व पुस्तकांनीं भरलेलीं कपाटें तो शोषून घेतात. निजावयाची खोली या कामास दिवाणखान्यापेक्षां बरी. गाणाऱ्याच्या पाठीमागें एक जाड गोधडी टांगली, तर फरक लहान मुलासही कळेल.

मुद्रणापुरता पंखा बंद करावा, फ्रीज ज्या भिंतीपलीकडे आहे ती खोली टाळावी, आणि वेळ रात्रीं निजानीज झाल्यावरची किंवा भर दुपारची निवडावी. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यामुळें तिची एक खोल घरघर कधीं कधीं मुद्रणांत शिरते. विजेच्या व मायक्रोफोनच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवल्या, व लॅपटॉप तेवढ्यापुरता चार्जरवांचून चालविला, तर ती बहुधा जाते. शेवटीं, गाणें सुरू होण्यापूर्वीं दहा सेकंद सर्वांनीं स्तब्ध बसावें व ती स्तब्धताही मुद्रित करावी. पुढें खोलीची खरखर कमी करावयाची झाल्यास सॉफ्टवेअरला हाच नमुना द्यावा लागतो.

प्रत्यक्ष मुद्रण

गाणाऱ्याचें मुख व मायक्रोफोन यांत वीतभर अंतर असावें. त्याहून जवळ गेल्यास आवाज उगाच घोगरा व जड होतो. प, फ, ब, भ या वर्णांबरोबर तोंडांतून वाऱ्याचा झोत निघतो, व तो मायक्रोफोनवर आदळून 'धप्' असा आवाज उठतो. यास्तव मायक्रोफोन मुखाच्या किंचित् बाजूस ठेवावा, किंवा भरतकामाच्या गोल चौकटींत पातळ जाळीदार कापड ताणून ती चौकट मध्यें धरावी. पेटीसाठीं मायक्रोफोन हातभर दूर व भात्याच्या बाजूस न ठेवतां धरावा. तबल्यासाठीं दोन्ही वाद्यांच्या मधोमध, हातभर उंचीवर.

आवाजाची पातळी पडद्यावर दिसते. शून्य ही तिची कमाल मर्यादा. तिच्यावर गेलेला आवाज तुटतो व मागाहून तो पूर्ववत् होत नाहीं. म्हणून आधीं गाणाऱ्याकडून तारसप्तकांतील सर्वांत जोरकस तान म्हणवून घ्यावी, आणि ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असें बटण फिरवावें. स्थायीवरून पातळी ठरविणाऱ्याचें अंतऱ्यांत हटकून फसतें.

सॉफ्टवेअरसाठीं पैसा खर्चण्याचें कारण नाहीं. कार्नेगी मेलन विद्यापीठांत उगम पावलेलें व २००० सालीं प्रथम प्रसिद्ध झालेलें 'ऑडॅसिटी' विनामूल्य मिळतें. ॲपलच्या संगणकावर 'गॅरेजबँड' असतें. यांत एकावर एक अशा अनेक पट्ट्या ठेवतां येतात. पहिल्या पट्टीवर तंबोरा, दुसरीवर गळा, तिसरीवर पेटी, असें एकटा मनुष्यही क्रमानें करूं शकतो. मात्र आधींची पट्टी हेडफोनमधूनच ऐकावी, नाहीं तर ती मायक्रोफोनमध्यें पुन्हां शिरते. आपलाच आवाज हेडफोनमध्यें किंचित् मागाहून येत असेल, तर तो संगणकांतून फिरून येत आहे असें समजावें, आणि इंटरफेसवर थेट ऐकण्याची सोय असते ती चालू करावी.

येथें एक भेद सांगणें अवश्य आहे. भावगीत किंवा भजन पट्टीवर पट्टी रचून चांगलें होतें. ख्यालाचें तसें नाहीं. गवई व तबलजी एकमेकांकडे पाहून समेवर येतात. त्यांस वेगवेगळें बसविलें तर गाण्यांतील संवादच नाहींसा होतो. त्यांना एकत्र बसवून दोन मायक्रोफोननीं एकाच वेळीं मुद्रण करावें.

यंत्राच्या सूचना किती मानाव्या?

हीं सॉफ्टवेअरें पाश्चात्य पद्धतीच्या संगीतासाठीं घडलेलीं आहेत. गॅरेजबँडसारखें सॉफ्टवेअर नवें काम उघडतांच मिनिटास १२० मात्रांची आंखलेली चौकट पुढें करतें. ती आपल्या कामीं नाहीं, ठेका बंद करून ठेवावा. सुरांस 'दुरुस्त' करणारीं जीं साधनें मिळतात, त्यांपासून तर दूरच राहावें. तीं साधनें सप्तकाचे बारा समान भाग धरून चालतात. पण चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यांतून जो गांधार आपोआप उमटतो, तो या समविभागी गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सुमारें सप्तमांशानें खालीं असतो. गाणारी तंबोऱ्याशीं तंतोतंत मिळाली असतां यंत्र तिला बेसूर ठरवील, व तिच्या मिंडेच्या पायऱ्या करून टाकील! आजीचा आवाज कांपत असेल, तर कांपूं द्यावा. तो कंप हीच तिची खूण आहे.

जतन

मूळ मुद्रण 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक' या स्वरूपांत ठेवावें. 'एमपी३' आप्तेष्टांस धाडण्यास सोयीचें खरें, पण त्यांत आवाजाचा कांहीं अंश कायमचा गाळलेला असतो. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रति कराव्या, व त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावी. नांव देतांना तारीख, गाणाऱ्याचें नांव, गाण्याचा आरंभ, राग व पट्टी, म्हणजे 'काळी एक' कीं 'काळी चार', इतकें अवश्य लिहावें. नुसत्या अनुक्रमांकाचीं मुद्रणें दहा वर्षांनीं कोणास ओळखूंही येत नाहींत.

आणखी एक गोष्ट. गाण्यापूर्वीं गाणाऱ्याकडून चार वाक्यें बोलवून घ्यावीं: हें गाणें कोणाकडून शिकलों, कोणत्या गांवीं, कोणत्या प्रसंगीं म्हणत असूं. कधीं कधीं या चार वाक्यांचें मोल गाण्याहून अधिक ठरतें. अर्थात् हें सर्व त्यांच्या संमतीनें करावें, व त्यांनीं ज्यांना ऐकवूं नये म्हटलें त्यांना तें ऐकवूं नये.

आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस इतकेंच सुचवावेंसें वाटतें कीं, उत्तम साधनें जमेपर्यंत थांबूं नका. सत्तरीच्या पुढचें जें कोणी घरांत गात असेल, त्याच्यापासून आरंभ करा. इंटरफेस पुढच्या वर्षीं घेतां येईल, येत्या रविवारीं दुपारीं पंखा बंद करून, हाताशीं असलेला साधा मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवून, त्यांना म्हणावें, "आजी, ती भूपाळी एकदां म्हणतां का?"