पंप पाणी का सोडतो?

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली एचएसआर लेआउट नावाची वसाहत आहे. तिच्या कडेस अगरा तळे आहे, आणि त्याच्या सांडव्याचे पाणी पुढे बेळंदूरच्या तळ्यास मिळते. येथील मोठ्या गृहसंकुलांत पोहण्याचा तलाव असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वर्षा-दोन वर्षांनी फरशी दुरुस्त करण्यासाठी किंवा शेवाळ घासण्यासाठी हा तलाव रिकामा करावा लागतो. पंप चालू होतो, पाणी कमरेइतके खाली येते, आणि मग पंपाचा आवाज एकाएकी बदलतो. घरघर सुरू होते, बाहेरच्या नळीतून दोन-चार गुळण्या पडतात आणि धार तुटते. आपला शेतकरी याला ‘मोटारीने हवा धरली’ असे म्हणतो. पाणी समोर दिसत असताना पंप ते उचलत नाही, हे पाहणाऱ्यास कोडेच वाटते.

कोडे सुटण्यासाठी आधी एक समजूत सोडावी लागते. पंप पाणी ओढतो, असे आपण म्हणतो. वास्तविक पंप पाणी ओढत नाहीच. तो आपल्या पोटातील दाब कमी करतो आणि तलावाच्या पृष्ठभागावर भार टाकून बसलेली हवा पाण्याला नळीतून वर लोटते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका पंपाची हकीकत आली आहे. पाणी सुमारे अठरा हातांच्या वर चढेना, तेव्हा कारागिराने सांगितले की पंपात बिघाड नाही, याहून वर पाणी चढतच नाही. गॅलिलिओला याचे खरे कारण उमगले नाही. ते त्याच्या मागून टोरिचेल्लीने सांगितले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असे त्याने १६४४ सालच्या पत्रात लिहिले. त्या समुद्राचा भार समुद्रकाठी सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभास तोलून धरतो. बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हीच मर्यादा जवळजवळ एक मीटरने कमी भरते. नळीतील घर्षण आणि पाण्याची वाफ यांचा हिशेब धरला, तर व्यवहारात सहा मीटरच्या पलीकडे भरवसा ठेवू नये.

लोटण्याला मात्र अशी मर्यादा नाही. बंगळूरला येणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, टप्प्याटप्प्याने जवळजवळ ५०० मीटर चढवून आणलेले असते. ज्या जातीचे यंत्र पाण्याला इतके उंच लोटू शकते, तेच खालचे पाणी दहा मीटरही वर घेऊ शकत नाही.

परंतु आपला तलाव तर जेमतेम दीड-दोन मीटर खोल. मग येथे टोरिचेल्लीला बोल कसा लावावा? येथे दोष आत शिरलेल्या हवेचा असतो. या पंपात एक पंखा असतो. तो पाण्याला गरगर फिरवून कडेला फेकतो आणि त्या फेकीतून दाब निर्माण होतो. जे फेकायचे त्याला वजन हवे. हवा पाण्याहून सुमारे आठशे पट हलकी आहे. पाण्याने भरलेला असताना १५ मीटर उंच धार चढवणारा पंप हवेने भरला, तर त्याच्या ओढीने पाणी नळीत दोन सेंटिमीटरही वर येणार नाही. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंपाच्या पोटात पाणी भरावे लागते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात १९२६ पासून असे पंप तयार होऊ लागले, आणि त्यांच्याबरोबरच नळीच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह बसवण्याची व नरसाळ्याने बादलीभर पाणी ओतण्याची रीतही आपल्या मळ्यामळ्यांत पोहोचली. शहरातील तलावाच्या पंपाला बहुधा हा फूटव्हॉल्व्ह नसतो. तलाव भरलेला असतो तोवर त्याची गरजही भासत नाही.

हवा शिरते कोठून? पहिली वाट उघडीच असते. तलावाच्या काठाशी, तरंगता कचरा घेण्यासाठी, स्किमर नावाचे तोंड असते. पाण्याची पातळी त्याच्याखाली गेली की पंप तेथून हवाच पिऊ लागतो. त्याची चावी आधीच बंद करून केवळ तळाच्या जाळीची वाट उघडी ठेवली पाहिजे. दुसरी वाट लपलेली असते. पंपाच्या पुढे कचरा अडवणारे जाळीचे भांडे असते. त्याच्या झाकणाखालचे रबरी कडे सुकते, चिरते. जोवर पाणी पंपाहून वर उभे असते तोवर त्या फटीतून फार तर थेंब पडतो. पातळी पंपाच्या खाली उतरली की आतला दाब बाहेरच्याहून कमी होतो आणि तीच फट हवा आत घेऊ लागते. थेंब थांबल्यामुळे गळती बरी झाली असा समज होतो. वस्तुतः तेव्हाच ती घातक झालेली असते. संशयित सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहावा. फेस आत खेचला जातो आणि चोर सापडतो.

पंपाने पाणी सोडले की त्याला तसाच चालू ठेवणे हे सर्वांत वाईट. त्याच्या दांड्यावरचे सील पाण्यानेच थंड राहते. कोरडा पंप काही मिनिटांत ते जाळून घेतो. पंप थांबवावा, वीज तोडावी, स्किमरची चावी पाहावी, कडे पुसून बसवावे, भांडे काठोकाठ पाण्याने भरून झाकण आवळावे आणि मग सुरू करावा. तरीही धार धरली नाही, तर पाण्यात बुडवून ठेवण्याचा पंप आणावा. तो तळाशीच असल्यामुळे त्याला हवेच्या मदतीची गरज नाही. त्याचे सारे काम लोटण्याचे. पण त्याची वायर पाण्यात असते. तो चालू असेपर्यंत कोणीही, झाडूवाल्यानेसुद्धा, तलावात पाऊल घालता कामा नये. ही ताकीद देण्याचे काम व्यवस्थापकाचे आहे, कारण उतरायला नेहमी दुसऱ्यालाच सांगितले जाते.

तलाव मुळात रिकामा करावा का, हा प्रश्न याच वेळी विचारून घ्यावा. तळघरावर बांधलेल्या तलावाची गोष्ट वेगळी. जमिनीत खोदलेला तलाव मात्र पाण्यात ठेवलेल्या होडीसारखा असतो. त्याच्या तळाहून भूजल एक मीटर वर असेल, तर दर चौरस मीटरला एक टन जोर खालून लागतो. वीस सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन त्याच्या निम्मे भरते. आतील पाणीच त्याला दाबून ठेवते. २०२२ च्या सप्टेंबरात या भागात जसा पाऊस झाला, तशा पावसानंतर तलाव पूर्ण उपसला तर तळ फुगून फुटू शकतो. शेजारच्या तळघरात पाणी झिरपत असेल, तर तेवढी खूण पुरे. काम उन्हाळ्यावर टाकावे.

उन्हाळ्यात दुसरी अडचण उभी राहते. २०२४ च्या मार्चमध्ये टंचाईमुळे बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड ठरवला होता. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सत्तर हजार लिटर पाणी मावते. ते सरळ गटारात सोडणे मला तरी क्षम्य वाटत नाही. काही दिवस क्लोरीन घालू नये, उन्हाने तो उडून जाऊ द्यावा, आणि मग ते पाणी बागेला, अंगण धुण्याला, शौचकूपांच्या टाकीला द्यावे. त्यासाठी उपसा हळू करावा लागेल. उतार असल्यास पाण्याने भरलेली साधी रबरी नळी काठावरून खाली सोडली तरी चालते. बाहेरचे टोक तलावातल्या पातळीहून खाली असले म्हणजे झाले.

तळाशी वीतभर पाणी उरले की जाळीपाशी भोवरा होऊ लागतो आणि भोवऱ्याच्या मध्यातून पंप पुन्हा हवा घेतो. भोवऱ्यावर पालथे घमेले धरले तर आणखी थोडे पाणी निघते. त्यानंतर पंप बंद करून, वायर काढून गुंडाळून ठेवावी, आणि उरलेले पाणी दोन माणसांनी बादली व फडक्याने काढावे.