रक्तातली साखर वाढली की रक्तवाहिन्यांचं आवरण ‘खवट’ का होतं?

रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर १६० आलेली असते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात. पण ना चक्कर, ना थकवा, ना कुठे दुखणं. मग अनेकांना वाटतं, ‘काहीच त्रास नाही, तर गोळ्या कशाला?’

त्रास जाणवत नाही हे खरं. पण या काळात रक्तवाहिन्यांच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर, एक बदल सुरू झालेला असू शकतो. तो समजून घ्यायचा तर आधी स्वयंपाकघरात डोकवावं लागेल.

तेल खवट होतं म्हणजे काय होतं?

जवसाचं तेल उघडं राहिलं की लवकर खवट होतं. तूप मात्र बराच काळ टिकतं. फरक आहे त्यांच्यातल्या मेदाम्लांचा. जवसाच्या तेलात बहुअसंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात आणि ऑक्सिजन त्यांच्यावर सहज हल्ला करतो. एका रेणूचं नुकसान झालं की तो शेजारच्याचं करतो, तो पुढच्याचं. अशी साखळीच लागते. शेवटी अल्डिहाइड नावाचे पदार्थ तयार होतात. खवट वासामागे मुख्यतः तेच असतात.

याचा रक्तवाहिन्यांशी काय संबंध?

आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्ताचा थेट स्पर्श होतो तो याच पेशींना. या पेशींचं बाहेरचं आवरण मेदाच्या दुहेरी थराचं असतं. त्यात कोलेस्टेरॉल आणि प्रथिनं बसवलेली असतात. या मेदातही बहुअसंतृप्त मेदाम्लं असतात. त्यांच्यामुळे आवरण मऊ, लवचिक राहतं. पण खवट होण्याचा धोकाही त्यांनाच जास्त.

साखर इथे काय करते?

स्नायूंच्या पेशींत साखर शिरायला एरवी इन्सुलिनची मदत लागते. एंडोथेलियमच्या पेशींचं तसं नाही. त्यांचं साखरेचं दार इन्सुलिनशिवायही उघडं असतं आणि बाहेर साखर वाढली तरी त्या ते पुरेसं बंद करू शकत नाहीत. रक्तात साखर वाढली की पेशीच्या आतही वाढते.

ही जादा साखर जाळताना पेशीत सुपरऑक्साइडसारखे अतिक्रियाशील ऑक्सिजनचे रेणू गरजेपेक्षा जास्त तयार होतात. पेशीची स्वतःची बचावयंत्रणा कमी पडली की त्यांचा हल्ला आवरणातल्या मेदावर होतो. मग तीच साखळी सुरू होते, जी उघड्या तेलात होते.

याशिवाय साखर स्वतःही आवरणातल्या काही मेदांना आणि प्रथिनांना चिकटते. साखर चिकटण्याचा हा प्रकार आपण तपासणीत मोजतोच. एचबीएवनसी म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण.

आवरण बिघडलं की पुढे काय?

पहिला परिणाम म्हणजे लवचिकता कमी होते. आवरणात बसलेल्या प्रथिनांचं काम बिघडतं.

दुसरा परिणाम अधिक गंभीर. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. रक्तवाहिनी सैल ठेवण्याचं काम तो करतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. हा वायू बनवणारं एन्झाइम आवरणावरच्या कोलेस्टेरॉलयुक्त खळग्यांमध्ये असतं. आवरण बिघडलं की त्याचं काम अडतं. जो वायू तयार होतो, तोही सुपरऑक्साइड नष्ट करतो.

मग रक्तवाहिनी नीट सैल होत नाही, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटू लागतात, भिंतीतून झिरपणं वाढतं. डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंड यांतल्या बारीक वाहिन्यांना याची झळ बसते. मोठ्या वाहिन्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अर्थात, मधुमेहात नुकसान करणाऱ्या अनेक वाटांपैकी ही एक वाट आहे.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्यायच्या का?

सोशल मीडियावर हा सल्ला भरपूर फिरतो. व्हिटॅमिन ई मेदातली ही साखळी तोडतं, हे खरंच आहे. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या लोकांना, ज्यांत अनेक मधुमेही होते, रोज व्हिटॅमिन ई देण्यात आलं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात त्याने कमी झाले नाहीत.

‘तूप खवट होत नाही, म्हणून तूपच खा’ असाही अर्थ काढू नये. डब्यातल्या तेलाचं आणि शरीराचं गणित सारखं नसतं.

फायदा कशाने होतो?

मुळात साखर आटोक्यात ठेवल्याने, तेही लवकर. अमेरिका आणि कॅनडात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर ‘डीसीसीटी’ ही चाचणी झाली. ती १९९३ मध्ये संपली. त्यानंतर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली. तरीही ज्यांनी आधीची सरासरी साडेसहा वर्षं साखर काटेकोर सांभाळली होती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी दिसलं. टाइप २ मधुमेहातही, ब्रिटनमधल्या ‘यूकेपीडीएस’ अभ्यासात, सुरुवातीच्या नियंत्रणाचा फायदा वर्षानुवर्षं टिकलेला दिसला.

म्हणजे रक्तवाहिन्या चांगले दिवस लक्षात ठेवतात, आणि वाईटही.

एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर ते सामान्य, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणि ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. हा आकडा साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. तो वाढलेला असेल तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. सुरू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. आज त्रास नाही, हीच खरं तर काळजी घेण्याची सगळ्यात चांगली वेळ आहे.