शनिवारवाड्यातला खून आणि खुर्चीचा वारस

सत्तेवरचा माणूस मारला गेला तर त्याच्या जागी कोण बसतो? पुण्याने याचे एक उत्तर ३० ऑगस्ट १७७३ रोजी पाहिले. शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला ठार केले आणि पेशवेपद काका रघुनाथरावाला मिळाले. 'ध चा मा' आपण रंगवून सांगतो, पण महत्त्वाचे पुढेच आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावालाच दोषी धरले, तरी त्याला खाली उतरवणारा कायदा नव्हता. मग बारभाईंचे कारस्थान झाले. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि त्या तान्ह्या बाळाला पेशवा केले. (मुलगी झाली असती तर?) रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि युद्ध पेटले. राज्य घराण्याची मालमत्ता असले की असे होते.

अमेरिकेत वारसांची यादीच आहे: उपाध्यक्ष, मग प्रतिनिधीगृहाचे सभापती, आणि पुढे. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी त्याच दिवशी शपथ घेतली. पण उपाध्यक्षपद १९६५ पर्यंत रिकामेच राहिले. ते भरण्याची सोय १९६७ च्या २५ व्या दुरुस्तीने झाली.

आपल्या संविधानात राष्ट्रपतींसाठी सोय स्पष्ट आहे. पद रिकामे झाले की कलम ६५ प्रमाणे उपराष्ट्रपती काम पाहतात, सहा महिन्यांत निवडणूक होते. पंतप्रधानांसाठी मात्र यादी नाही. कलम ७५ प्रमाणे नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. म्हणजे खुर्ची बहुमताची, कुटुंबाची नव्हे. नेहरू आणि शास्त्री यांच्या निधनानंतर गुलझारीलाल नंदा हंगामी पंतप्रधान झाले, मग पक्षाने नेता निवडला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा हा टप्पा वगळून त्याच संध्याकाळी राजीव गांधींना शपथ दिली गेली. कायदा मोडला नाही, पण चांगला पायंडा मोडला, असे माझे मत आहे. डिसेंबरच्या निवडणुकीत काँग्रेसला ४०० हून जास्त जागा मिळाल्या.

२१ मे १९९१ रोजी, मतदानाचा पहिला टप्पा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, राजीव गांधींची हत्या झाली. उरलेले मतदान जूनमध्ये गेले.

कार्यकर्त्यांनी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ५२ जरूर वाचावे. मतदानापूर्वी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराचा मृत्यू झाला तर त्या मतदारसंघातले मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला नवा उमेदवार देण्यासाठी सात दिवस मिळतात. अपक्षाचा मृत्यू झाला तर मतदान थांबत नाही. आपल्या वस्त्यांमधून उभे राहणारे बरेच जण अपक्षच असतात.