जांभळ्या उजेडातला मका

मक्याचा ट्रक वजनकाट्यावर चढला की कोंबडीखाद्याच्या गिरणीतला माणूस परखी घेऊन वर जातो. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची पोकळ, टोकदार नळी. पुढची, मधली, खालची अशी निरनिराळी पोती टोचून निघालेला मका एका बादलीत जमा होतो. आधी ओलावा मोजतात. मग त्यातला थोडा मका जाडसर भरडून ट्रेवर पसरतात आणि ट्रे एका काळ्या पेटीत सरकवतात. पेटीत 365 नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील नळी असते. वरच्या फटीला डोळे लावले की भरडा फिकट निळसर दिसतो आणि काठाला जांभळा उजेड असतो. त्यात कुठे हिरवट पिवळा कण चमकताना दिसला, तर ट्रक काट्यावरच थांबतो.

यंत्र म्हणावं असं या पेटीत फारसं काही नाही. एक नळी, एक ट्रे आणि बघणाऱ्याची नजर. तरीही गिरणीच्या दारातला हा दिवा कोंबडीच्या पिल्लांसाठी फार मोलाचा आहे, कारण तो ज्या विषाचा माग काढतो त्याला वास नाही, चव नाही आणि साध्या उजेडात रंगही दिसत नाही. त्या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. मका, भुईमूग, सरकी अशा मालावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या हिरवट बुरशीतून ते तयार होतं.

1960 सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात टर्कीची पिल्लं मरू लागली, तोवर हे विष कुणाला ठाऊक नव्हतं. पिल्लं दाणे टिपायचं सोडून देत, पंख पाडून कोपऱ्यात बसत आणि आठवड्याच्या आत मरत. मरताना मान मागे वळलेली आणि पाय मागे ताणलेले असत. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त पिल्लं गेली. पशुवैद्यकांनी जिवाणू शोधले, विषाणू शोधले, नेहमीची विषं तपासली. काहीच हाती लागेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ असं नाव देऊन ठेवलं. पण हा रोग एका फार्मवरून शेजारच्या फार्मवर पसरत नव्हता. तो खाद्याच्या गाडीबरोबर फिरत होता. आजारी कळपांचं खाद्य तपासता तपासता माग लंडनमधल्या एका गिरणीपर्यंत पोचला आणि तिथून ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. डब्ल्यू. पी. ब्लाउंट या पशुवैद्यकाने 1961 मध्ये ही हकीकत लिहून प्रसिद्ध केली.

दोष एका जहाजातल्या मालाचा असता तर विषय तिथेच मिटला असता. पण बदकाची पिल्लंही मरत होती, आणि त्यांच्या खाद्यातली पेंड ब्राझीलची नव्हती, पूर्व आफ्रिकेतली होती. तेव्हा मामला एका देशाच्या भुईमुगाचा नसून बुरशीचा आहे, हे उमगलं. युगांडाहून आलेल्या अतिशय विषारी शेंगदाण्यांवरून ॲस्परजिलस फ्लेव्हस वेगळी काढली गेली. तिने प्रयोगशाळेतही तेच विष तयार करून दाखवलं.

विष सापडलं, पण ते मोजायचं कसं? त्या सुरुवातीच्या वर्षांत मोजमापाचं साधन होतं एक दिवसाचं बदकाचं पिल्लू. संशयित पेंडीचा अर्क त्याला पाजायचा, काही दिवस थांबायचं आणि मग त्याचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पित्तनलिकांच्या पेशी बेसुमार वाढलेल्या दिसल्या, की पेंड विषारी. किती वाढल्या यावरून मात्रेचा अंदाज बांधत. बदकाचं पिल्लू निवडलं, कारण ते सगळ्यात हळवं. 1963 साली मोजलेल्या आकड्यानुसार 50 ग्रॅमच्या पिल्लांतली निम्मी पिल्लं मारायला अफ्लाटॉक्सिनच्या बी-1 या प्रकाराचे प्रत्येकी 18 मायक्रोग्रॅम पुरत होते. कोंबडीच्या पिल्लाला याच्या कित्येक पट मात्रा लागते. टर्की या दोघांच्या मधली. शोधनिबंधांत ही बदकं ‘पद्धत’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकलेली असतात. त्या ओळी वाचताना मला जड जातं, पण आज आपण जी सुरक्षित मर्यादा मानतो तिच्या मुळाशी ती पिल्लं आहेत.

त्यांची सुटका केली ती अतिनील दिव्याने. पेंडीचा अर्क रसायनाचा पातळ थर दिलेल्या काचपट्टीवर चढवला आणि पट्टी दिव्याखाली धरली, तेव्हा चार ठिपके चमकले. त्यातले दोन निळे आणि दोन हिरवे होते. आज जगभर वापरात असलेली बी-1, बी-2, जी-1, जी-2 ही नावं त्या ठिपक्यांच्या इंग्रजी रंगनामांवरूनच पडली. यात बी-1 सर्वांत जहाल. 1963 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जॉर्ज ब्यूशी यांच्या गटाने रेणूची रचना उलगडली. त्याआधीच, 1961 मध्ये, हीच पेंड खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या होत्या. टर्कीच्या पिल्लांचा प्रश्न तिथून माणसापर्यंत आला.

पिल्लाच्या शरीरात हे विष नेमकं काय करतं? खाद्यातून आलेला बी-1 यकृतात पोचतो. यकृतातली विकरं एरवी परके पदार्थ निकामी करायचं काम करतात. इथे मात्र तीच विकरं बी-1 ला अधिक घातक, चिकट रूप देतात. ते रूप पेशीच्या डीएनएला जाऊन बसतं, प्रथिनं तयार होण्याचं काम मंदावतं. काही प्राण्यांच्या यकृतात ग्लुटाथायोनच्या मदतीने या चिकट रेणूला बांधून बाहेर टाकणारं दुसरं विकर जोरात असतं. पाळीव टर्कीच्या यकृतात ते जवळपास कामच करत नाही. रानटी टर्कीत मात्र ते टिकून आहे. वजनासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना आपण पक्ष्याची ही ढाल कुठेतरी हरवून बसलो, असं वाटायला लावणारी ही गोष्ट आहे.

आपल्याकडच्या ब्रॉयलर शेडमध्ये ‘टर्की एक्स’सारखी एकाएकी मोठी मरतूक क्वचित दिसते. दिसतं ते वेगळंच. दोन आठवड्यांची बॅच लहान-मोठी व्हायला लागते. एकाच दिवशी आलेल्या पिल्लांत काही भरलेली, काही किडकिडीत. पाय आणि चोच पिवळीधमक हवी, ती फिकट पडते, कारण मक्यातलं पिवळं रंगद्रव्य आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. शेडमधलं लिटर, म्हणजे जमिनीवर अंथरलेला थर, ओलं राहतं. खाद्य संपत जातं, वजन मात्र चढत नाही.

अशा बॅचमधलं मेलेलं पिल्लू पशुवैद्यक कापतात तेव्हा आधी यकृताकडे बघतात. निरोगी यकृत गडद तांबूस-तपकिरी, कडा धारदार. या पिल्लाचं यकृत फुगलेलं, फिकट पिवळसर, कडा गोलसर झालेल्या. त्यावर लाल ठिपके असतात, बोटाने दाबलं तर चुरा होतो, आणि सुरी फिरवली तर पात्यावर चरबीचा ओशट थर राहतो. पित्ताशय तट्ट भरलेलं, मूत्रपिंडं सुजलेली. मग शेपटीच्या बाजूला, गुदद्वाराच्या वर असलेली बर्सा नावाची ग्रंथी शोधायची. पक्ष्याच्या प्रतिकारशक्तीची शाळा तिथे भरते. वाढत्या वयात ती भरदार असायला हवी. इथे ती आक्रसलेली असते, आणि मानेतला थायमसही तसाच.

खरं नुकसान इथे आहे. गंबोरो, लासोटा अशी नेहमीची लस वेळेवर दिलेली असते, थंड पाण्यातून, दूध पावडर टाकून, सगळं रीतसर. तरी रोग येतो. शेतकरी म्हणतो, लस लागली नाही. लस पुरवणारा दोषी ठरतो, हॅचरी दोषी ठरते, पाणी दोषी ठरतं. खाद्याकडे बोट शेवटी जातं, तोवर ते खाद्य संपून गेलेलं असतं आणि तपासायला मूठभरही उरलेलं नसतं. वाढीवर परिणाम होणार नाही इतक्या कमी मात्रेतसुद्धा पक्ष्याच्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. पकडताना, क्रेटमध्ये भरताना अंगावर काळेनिळे डाग पडतात. तेही मग पकडणाऱ्या मजुरांच्या माथी मारलं जातं.

महाराष्ट्रात ब्रॉयलरचं बरंचसं पालन करारावर चालतं. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची. किती खाद्यात किती वजन झालं, या एफसीआरच्या गणितावर त्याचा मोबदला ठरतो. खाद्यात काय आहे हे तपासायची सोय त्याच्याकडे नसते, पण ते पिल्लाच्या अंगी लागलं नाही तर त्याचे पैसे कापले जातात. ही रचना मला अन्यायाची वाटते. प्रत्येक गाडीतलं किलोभर खाद्य दोघांच्या सहीने बंद करून बॅच विकेपर्यंत जपून ठेवायचं, एवढा साधा नियम केला तरी अर्धे वाद तिथेच मिटतील.

आता पुन्हा दिव्याकडे. काळ्या पेटीत मक्याचा जो कण हिरवट पिवळा चमकतो, ती चमक अफ्लाटॉक्सिनची नाही. ती आहे कोजिक आम्लापासून तयार झालेल्या एका पदार्थाची. हीच बुरशी कोजिक आम्ल सोडते आणि जिवंत दाण्यातलं पेरॉक्सिडेज विकर त्यावर काम करतं, तेव्हा हा पदार्थ तयार होतो. म्हणजे बुरशी इथे येऊन गेली एवढंच दिवा सांगतो. विष किती, हे तो सांगत नाही. चमक दिसूनही विष नगण्य असू शकतं. उलट उजेडात पडून जुन्या झालेल्या मक्यातली चमक मावळते आणि विष जसंच्या तसं राहतं. दाणा भरडावा लागतो तोही याचसाठी, कारण चमक बहुतेकदा सालीखाली, अंकुराजवळ दडलेली असते. दिव्याने संशय घ्यायचा आणि पट्टी, एलायझा किंवा एचपीएलसी अशा चाचणीने आकडा काढायचा, ही त्याची योग्य जागा आहे.

आकडा काढणारं यंत्र कितीही महागडं असलं, तरी नमुना चुकला तर आकडा खोटाच. भारतीय मानक ब्युरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात बी-1 ची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 25 टनांच्या ट्रकमध्ये पॅरासिटामॉलच्या एका गोळीत जेवढं औषध असतं, तेवढंच विष चालेल. आणि ते सारखं पसरलेलं नसतं. बहुतेक दाणे साफ असतात, थोडे दाणे विषाने भरलेले. मक्याच्या एकाच दाण्यात किलोला चार लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष आढळल्याची नोंद आहे. एका दाण्याचं वजन 0.3 ग्रॅम धरलं, तर त्यात 120 मायक्रोग्रॅम होतं. हा एक दाणा सहा किलो, म्हणजे वीसेक हजार स्वच्छ दाण्यांचा मका मर्यादेला नेऊन टेकवू शकतो. परखी त्या दाण्याला लागली तर सगळा ट्रक वाईट, चुकली तर सगळा चांगला. म्हणून पाच पोत्यांवर भागवणारा माणूस आणि पन्नास पोती टोचून, सगळा मका एकत्र भरडून, नीट मिसळून मग त्यातून नमुना काढणारा माणूस यांच्यात जो फरक आहे, तो कुठल्याही दोन यंत्रांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. गिरण्या यंत्राची किंमत कौतुकाने सांगतात. परखी कुणाच्या हातात दिली आहे, हे आपण विचारायला हवं.

भारतात या विषाने माणसांचाही बळी घेतला आहे. 1974 च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत कावीळ आणि जलोदराची साथ आली. 397 जण आजारी पडले, 106 दगावले. कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला होता, मका भिजला होता, आणि घरात खायला तेवढाच होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन दाखवून दिलं. घरातलंच अन्न खाणाऱ्या गावातल्या कुत्र्यांनाही जलोदर झाला होता. पुढे 1982 मध्ये आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात शेंगदाणा पेंडीमुळे कोंबड्यांना विषबाधा झाली. त्यानंतर कोंबडीखाद्यात भुईमुगाची जागा हळूहळू सोयाबीन पेंडीने घेतली. सोयाबीनवर हे विष कमी तयार होतं, हा त्यातला मोठा फायदा. मका मात्र राहिलाच, कारण त्याच्याशिवाय खाद्य होत नाही.

आणि आपला खरीप मका नेमका परतीच्या पावसात निघतो. नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यात कणसं खळ्यावर पडलेली असतात आणि वरून सर येते. ताडपत्री टाकली की आत वाफ धरते. दाण्यात 14 टक्क्यांवर ओलावा आणि तिशीच्या आसपासचं तापमान, बुरशीला आणखी काही लागत नाही. दुष्काळी वर्षीही सुटका नसते. ताणातल्या, अळीने पोखरलेल्या कणसात बुरशी शेतातच शिरते. पुढे गोळी खाद्य करताना वाफेने बुरशी मरते, विष मात्र तसंच राहतं. खाद्यात मिसळायचे मातीवर्गीय टॉक्सिन बाइंडर आतड्यात बी-1 ला बऱ्यापैकी धरून ठेवतात, हे खरं आहे. पण त्यांच्या भरवशावर वाईट मका खपवणं म्हणजे पिल्लाच्या यकृतावर पैज लावणं.

दिव्याने अडवलेल्या ट्रकचं पुढे काय होतं, याचं उत्तर फार थोड्यांना द्यावंसं वाटतं. तो मका नष्ट होत नाही. भाव पाडून तो दुसऱ्या दारी जातो, जिथे दिवा नाही अशा छोट्या गिरणीत किंवा स्वतःच खाद्य मिसळणाऱ्या लेअरवाल्याकडे, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याकडे. शेतकऱ्यालाही भिजलेला मका लगेच विकण्यावाचून गत्यंतर नसतं. बाजार समितीत ओलावा मोजायचं यंत्र आज भाव कापायला वापरतात. 17 टक्के निघाला, इतके रुपये कमी. त्याच आवारात भाड्याने मिळणारा ड्रायर उभा असेल, तर 17 टक्क्यांचा मका त्याच संध्याकाळी 13 वर आणून दुसऱ्या दिवशी पूर्ण भावाने विकता येईल. काही शेतकरी उत्पादक कंपन्यांनी स्वतःचे ड्रायर घेतलेही आहेत. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि एवढ्यासाठी खर्च परवडत नाही, असं म्हणतात. मग तेच यंत्र उरलेल्या काळात सोयाबीन, हळद, भुईमूग यांच्यासाठी चालवता येईल का, याचा हिशेब तालुक्या-तालुक्यात मांडून बघायला हवा. तो मांडायला मका उत्पादक, गिरणीवाले आणि कोंबडीपालक यांनी एका टेबलाशी बसायला हवं, आणि तेही परतीचा पाऊस सुरू होण्याआधी.