दिवा म्हणून टांगलेली शेगडी

थंडी पडली की बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या मृत्यूची बातमी येतेच. या आठवड्यात ती वाचली आणि अमेरिका-कॅनडातल्या जंगलातल्या केबिन आठवल्या; तिथेही बंद खोलीत ज्योत जळत असते. मेन, ऑन्टारिओ, अलास्का इथे वीज न पोचलेल्या अनेक केबिनमध्ये भिंतीवर अजून प्रोपेनचा दिवा असतो. आपल्या वरातीतल्या गॅसबत्तीचा हा सख्खा भाऊ. फक्त रॉकेल नाही, पंप मारणं नाही. बाहेर ठेवलेल्या सिलिंडरमधून नळीने गॅस येतो. प्रोपेनच का, तर ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रवरूप होऊन बसतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत दगा देत नाही.

या दिव्याचा जीव मात्र मेंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवरच्या जाळीत असतो, आणि त्याची कहाणी मला फार प्रिय आहे. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८८५ मध्ये पहिलं मेंटल केलं. त्याचा उजेड हिरवट पडे, ते तुटेही लवकर. लोकांनी ते नाकारलं. वेल्सबाख खपतच राहिले आणि १८९१ मध्ये मिश्रण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सिरियम ऑक्साइड. नुसतं थोरियम ज्योतीत जेमतेम उजळतं. सिरियम जास्त झालं तर उजेड पुन्हा मंदावतो. त्या एका टक्क्याने जगभरच्या रात्री उजळल्या! कापडाची जाळी पहिल्याच ज्योतीत जळून जाते. पुढे प्रकाशतो तो राखेचा सांगाडा. म्हणूनच बोट लागलं की तो ढासळतो.

हे थोरियम मिळे मोनाझाइटच्या वाळूतून. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं. पुढे १९५५ मध्ये आपल्या तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियम नायट्रेटचा कारखाना उभा राहिला. थोरियम किंचित किरणोत्सारी असल्याने १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या कोलमन कंपनीने मेंटलमध्ये यिट्रियम वापरायला घेतलं.

एवढं प्रेम असूनही ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या पत्र्याच्या घरात, हा दिवा नको, असंच मी म्हणेन. साठ वॅटच्या जुन्या बल्बएवढ्या उजेडासाठी तो सुमारे ६०० वॅटची उष्णता ओततो. तेवढ्याच उजेडाला एलईडी सात-आठ वॅटमध्ये भागवतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. नऊ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत चौदा लिटर! ट्रेलरच्या गार पत्र्यावर ते रात्रभर ओघळतं, आतलं प्लायवुड कुजतं. गॅस गळला तर हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो, आणि त्याच जमिनीलगत माणसं झोपलेली असतात.

उणे वीस अंशांतल्या लाकडी केबिनची गोष्ट वेगळी. तिथे ती ऊब वाया जात नाही, हवीच असते. विजेच्या तारा घरात न घेणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या काही कुटुंबांत तर लाकडी पेटीत सिलिंडर, वर दिवा आणि खाली चाकं अशी गाडीच असते. ती या खोलीतून त्या खोलीत ढकलतात.

सुट्टीत अशी केबिन भाड्याने घेणारी मराठी कुटुंबंही तिकडे आहेत. त्यांना एवढंच सांगायचंय: खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत न्या, झोपताना दिवा विझवा. ज्योत पिवळी झाली किंवा मेंटलवर काजळी धरली तर तिथल्या तिथे चावी बंद करा आणि बर्नरची नळी तपासा; बहुतेकदा तिथे कोळ्याने जाळं विणलेलं असतं.