'वाडी' : एक नाव, अनेक ठिकाणे

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात जन्मस्थानाच्या रकान्यात पुष्कळदा नुसते 'वाडी' एवढेच लिहिलेले आढळते. लिहिणाऱ्या गुरुजींना ती वाडी कोणती हे पक्के ठाऊक असे. पन्नास वर्षांनंतर दाखला हाती घेणाऱ्यास मात्र ते मुळीच उमगत नाही.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'वाटिका' म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग. 'वाडा' हा त्याचाच थोरला भाऊ. बंगालीत याच कुळातील 'बाडी' म्हणजे घर. कोकणात मूळ अर्थ अद्याप जिवंत आहे. नारळी-पोफळीच्या बागेस तेथे वाडीच म्हणतात. पण त्याच कोकणात गावाच्या विभागासही वाडी म्हणतात, कारण तेथील घरे एका ठिकाणी दाटलेली नसून डोंगरउतारावर विखुरलेली असतात. गोव्यात यासच 'वाडो' म्हणतात. तेव्हा कोकणातील मूल 'आमची वाडी' म्हणते तेव्हा ते बागेविषयी बोलते की वस्तीविषयी, हे विचारूनच घ्यावे लागते. घाटावरील प्रकार निराळा. तेथे गावठाण एकवट असते आणि शेताजवळ राहावयास गेलेल्या कुटुंबांची वस्ती वाढून तिची वाडी बनते. अशा काही वाड्या पुढे स्वतंत्र महसुली गावे झाल्या, काही अजून मूळ गावातच मोजल्या जातात. मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत तर शेत नाही की बागायत नाही. ती शहरातील घरांची एक जुनी वस्ती आहे.

याखेरीज प्रत्येक मुलखाची आपली अशी एक 'वाडी' असते, तिला पुढचे-मागचे नाव लावण्याची गरज कोणास वाटत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे 'वाडीला जाऊन आलो' म्हणजे शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीस दत्तदर्शनास जाऊन आलो. सिंधुदुर्गात 'वाडीचा बाजार' म्हणजे सावंतवाडीचा. हिचे दुसरे नाव सुंदरवाडी, आणि १९४८ साली विलीन झालेल्या संस्थानाची ही राजधानी. नागपूरकरांची वाडी अमरावती रस्त्यावर आहे. रेल्वेच्या वेळापत्रकातील वाडी जंक्शन कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तेथून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला. सोलापूरहून जाताना या वाडीच्या अलीकडेच गाणगापूर रोड हे स्थानक लागते, म्हणून दत्तस्थानांच्या यात्रेकरूंचा दोन वाड्यांत घोटाळा झाल्यास नवल नाही. इंग्रजी नकाशात अरबस्तानातील 'वाडी' आढळेल, तिचा आपल्या वाडीशी काही संबंध नाही. तो अरबी 'वादी' शब्द असून त्याचा अर्थ दरी किंवा एरवी कोरडे पडणारे नदीपात्र.

हा शब्दविचार नोंदीच्या कामी येतो. जातीच्या प्रमाणपत्रासाठी कुटुंबाचे जुने वास्तव्य दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १९६७ या सालांतील ठरावीक दिनांकांपूर्वीचे. गरीब घरी आजोबांच्या शाळेतील नोंदीवाचून दुसरा कागद बहुधा नसतो. त्या नोंदीत नुसते 'वाडी' असेल तर नातवाची शिष्यवृत्ती त्या दोन अक्षरांवर अडून बसते.

म्हणून दाखल करतेवेळी पालकास 'वाडी कोणत्या गावाची?' हा प्रश्न अवश्य विचारावा. वाडीचे पूर्ण नाव, तिचे महसुली गाव, तालुका व जिल्हा ही चारही नावे लिहावीत. पालक निरक्षर असल्यास तलाठ्याकडून किंवा ग्रामपंचायतीकडून खात्री करून घ्यावी; अंदाजाने गाव लिहिणे हे रकाना मोकळा ठेवण्याहून वाईट.

जुन्या नोंदींस मात्र हात लावू नये. सावंतवाडीच्या १९८१ पूर्वीच्या नोंदीत 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर ती चूक नव्हे. सिंधुदुर्ग जिल्हा त्या वर्षी निराळा झाला. काही वाड्यांची व वस्त्यांची नावे जातिवाचक होती. ती बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नाव बदलले असेल तेथे नव्या नोंदीत नवेच नाव यावे आणि वर्गात मुलास पत्ता विचारतानाही तेच उच्चारावे. जुन्या पानावरील नाव मात्र खोडू नये, त्यावर गिरवूही नये. त्याच कुटुंबास उद्या ते पान लागेल.