भाषणावर अखेरचा हात

लिहिलेले पान वाचणाराला एक सवलत असते. एखादे वाक्य कळले नाही, तर तो थांबतो, दोन ओळी मागे जातो आणि पुन्हा वाचतो. भाषण ऐकणाराला ही सवलत नाही. कानावरून गेलेले वाक्य परत आणता येत नाही. त्याचा अर्थ लावीत श्रोता क्षणभर थांबला, तर तेवढ्यात पुढची दोन वाक्ये निसटतात. म्हणून भाषण लिहून झाले म्हणजे काम संपले असे समजू नये. ते ऐकणाराच्या कानाने पुन्हा तपासावे लागते आणि हे काम लिहिण्याहूनही अवघड आहे, असा माझा अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अचलपूरच्या एका शाळेत २० डिसेंबर रोजी गाडगेबाबांची पुण्यतिथी व्हावयाची होती. आठव्या इयत्तेतील एका विद्यार्थिनीला त्या दिवशी पाच मिनिटे बोलावयाचे होते. समारंभाला गावातील वडीलधारी माणसेही येणार होती. तिने आपले भाषण मला दाखविण्यासाठी आणले. अक्षर सुंदर होते. पहिल्याच वाक्यात ‘प्रातःस्मरणीय’, ‘युगप्रवर्तक’, ‘थोर समाजसुधारक’ अशी नऊ विशेषणे एकापुढे एक उभी होती.

मी तिला विचारले, “या वाक्यातले बाबांचे नाव काढून दुसऱ्या कोणा थोर पुरुषाचे नाव घातले, तर वाक्य चुकेल काय?”

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “नाही, गुरुजी. कोणाचेही नाव चालेल.”

“मग हे वाक्य बाबांविषयी नाही,” मी म्हणालो. तिने ते स्वतःच खोडले.

भाषणाची भाषा सुधारण्यापूर्वी त्यातील मजकूर तपासावा. शब्द कितीही घासले, तरी खाली काही नसेल तर चमकणार काय? त्या भाषणात बाबांचा जन्म अमरावती शहरात झाला, असे लिहिले होते. वास्तविक त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. हे गाव अंजनगाव सुर्जीच्या बाजूचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. श्रोत्यांत त्या भागाचे एखादे माणूस असणारच आणि अशी एक चूक कानी पडली, की पुढच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही.

दुसरे एक वाक्य असे होते : ‘व्यसनाधीनतेच्या समूळ उच्चाटनासाठी त्यांनी अविश्रांत परिश्रम घेतले.’ यात चूक काहीच नाही. पण डोळ्यांपुढे काही उभेही राहत नाही. बाबांनी दारूविरुद्ध का बोलावे, हे तिने शोधावे असे मी सुचविले. चार दिवसांनी ती चरित्र वाचून आली. बाबांचे मूळ नाव देबूजी. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा देबू लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी राहिली. पुढे देबूजीच्या मुलीचे बारसे आले. अशा प्रसंगी दारू आणि मटण यांचे जेवण घालण्याची जातीची रीत होती. देबूजीने ती मोडली आणि गोड जेवण वाढले. आता त्या जुन्या वाक्याची गरजच उरली नाही. वडील गेले, मुलगा वाढला, त्याने आपल्या दारी दारू येऊ दिली नाही, एवढे सांगितले की श्रोता उरलेले स्वतःच जाणतो.

मजकूर असा भरला, की भाषा पुष्कळशी आपोआप हलकी होते. तरीही जे जड शब्द उरतात, त्यांची पारख कोणी करावी? आमच्याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्या कानी आले, की केशिराजबास हे विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करीत आहेत. आचार्यांनी त्यांना थांबविले. तशा ग्रंथांनी आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. पंडिताच्या लेखणीची पारख म्हातारीच्या कानाने करावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

मीही त्या मुलीला तेच सांगितले : भाषण आजीला मोठ्याने वाचून दाखव. आजीने मध्येच विचारले, “जनप्रबोधन म्हंजे काय वं?” त्या शब्दाच्या जागी ‘लोकांना शहाणे करणे’ असे आले. एक वाक्य इतके लांब होते, की ते संपेपर्यंत मुलीचाच श्वास संपला. त्याची तीन वाक्ये झाली. सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. तिचे भाषण नऊशे शब्दांचे होते. पाच मिनिटांत ते बसविण्यासाठी धर्मशाळांची लांबलचक यादी गाळावी लागली. तिला वाईट वाटले. मलाही वाटले, पण ऋणमोचनचा घाट आणि पंढरपूरची धर्मशाळा एवढ्या दोनच गोष्टी ठेवल्या, म्हणून त्या लक्षात राहण्याजोग्या झाल्या.

आणि ज्यांच्याविषयी हे भाषण होते, त्यांची रीत तरी कोणती होती? गाडगेबाबा कीर्तनात साध्या वऱ्हाडीत बोलत. ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे पशू मारू नका, मुलांना शाळेत घाला, हे सांगण्यासाठी त्यांना अवघड शब्द लागला नाही. शिवाय गावात आल्यावर आधी हाती खराटा घेऊन ते रस्ते झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. दिवसभर त्यांना झाडताना पाहिलेल्या लोकांना स्वच्छतेचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नसे.

राहिला शेवट. ‘चला तर मग, आपण सारे त्यांच्या पावलावर पाऊल टाकू या,’ असे अखेरचे वाक्य होते. ते आदल्या रात्री तिने आपणहून गाळले. समारंभाच्या दिवशी ती उभी राहिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीला नेले जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली, इतके सांगून ती खाली बसली. टाळ्या थोड्या उशिरानेच वाजल्या.